तोंडी नको, लेखी द्या

मेश्राम सरांवर माझा राग आहे, हे आधीच लिहून टाकते. दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, "शैलाताई, तुमच्या दुकानातल्या गमतीजमती लिहा, लोकांना आवडतात." त्या लिहितेच. पण राग बाजूला ठेवून लिहायला तीनदा बसले आणि तिन्ही वेळा दोन ओळींच्या पुढे गेले नाही.

हॅनोव्हरच्या स्टेशनामागच्या गल्लीत माझं दुकान आहे. एका बाजूला सायकल दुरुस्तीवाला, दुसऱ्या बाजूला तुर्की न्हावी. पाटीवर जर्मनमध्ये 'विमान तिकिटं' एवढंच लिहिलं आहे, कारण त्याहून जास्त लिहायची सोय नाही. या देशात वकील नसलेल्या माणसाने कायद्याचा सल्ला द्यायचा नसतो. म्हणून मी सल्ला देत नाही. तिकीट विकते, आणि तिकीट विकताना बोलते.

इचलकरंजीला वडिलांचं कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाईक 'परवडत नाही' म्हणालं की गप्प कधी बसायचं आणि ठाण घडी करायला कधी घ्यायचं, हे मी बारा वर्षांची असताना शिकले. लग्न होऊन इथे आले तेव्हा हे गिअरच्या कारखान्यात होते आणि मी स्वयंपाकघरात. त्यांच्या कारखान्यातली आपली मुलं गावी जायची तिकिटं महाग घेतात हे पाहून माझा जीव तळमळायचा. एकाचं स्वस्तात काढून दिलं, मग दुसऱ्याचं. चार वर्षांनी स्वयंपाकघरातलं टेबल उचलून या गल्लीत आणलं. मला कोणी हात धरून उभं केलं नाही, हे सांगायची सवय आहे मला. यांना ते आवडत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, तिकीट काढणं म्हणजे बटण दाबणं. तिकीट हा या धंद्यातला सगळ्यात सोपा भाग. पासपोर्ट कधी संपतो, मधल्या विमानतळावर उतरायला परवाना लागतो का, बायकोचं राहण्याच्या परवान्याचं कार्ड नवऱ्याच्या आधी संपतं का, हे पाहावं लागतं. परदेशी लोकांच्या कार्यालयाचा टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, तीन महिन्यांनंतरची मिळाली तर ती अलीकडे आणावी लागते. मी टेर्मिनचीसुद्धा घासाघीस करते. फोनवर माझा आवाज चढला की सायकलवाला भिंतीवर पाना ठोकतो. मी उलट ठोकते.

एक नियम मात्र मी कधी मोडला नाही. सरकारी माणसाचा तोंडी शब्द घ्यायचा नाही. इंगोलश्टाटला मोटारीच्या कारखान्यात काम करणारा नाशिकचा एक इंजिनिअर होता. बायकोच्या कार्डाची मुदत संपत आली होती, नूतनीकरणाचा अर्ज दिलेला होता. खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, जाऊन या, काही होत नाही. मी तिकीट दिलं. परतताना मुंबईला विमान कंपनीने तिला आत घेतलं नाही. कागद कुठे आहे, म्हणाले. कागद नव्हता. तान्ह्या मुलीला घेऊन ती सहा आठवडे नाशिकला अडकली, आणि नवरा रोज मला फोन करून एकच वाक्य म्हणायचा, "तुम्ही म्हणाला होतात." त्या दिवसापासून मी कोणत्याही खिडकीवर एकच मागते. तोंडी नको, लेखी द्या.

इंग्लंड युरोपच्या संघातून बाहेर पडलं आणि माझ्या दुकानात एक नवीन गिऱ्हाईक यायला लागलं: ब्रिटिश पासपोर्टवाले. त्यात इंग्रज होते, तसे आपलेही होते, लेस्टर-बर्मिंगहॅमला आयुष्य काढून तिथला पासपोर्ट घेतलेले. आधी हे लोक इथे घरच्यासारखे येत-जात. आता ते बाहेरचे झाले. कोणत्याही एकशे ऐंशी दिवसांत जास्तीत जास्त नव्वद दिवस राहायचं. सुरुवातीला हे दिवस शिक्क्यांवरून मोजायचे, आणि शिक्के पुसट असले की माणूस सुटायचा. मग यंत्रं आली. सीमेवर चेहऱ्याचा फोटो, उजव्या हाताची चार बोटं, आणि दिवस मोजणारा संगणक.

एक इंग्रज गृहस्थ आपला पासपोर्ट टेबलावर आपटून मला म्हणाले होते की यावर अजून पाच महिने शिल्लक आहेत. होते खरे. पण त्यांच्या सरकारने जुन्या पासपोर्टचे उरलेले महिने नव्यात जमा करून दिले होते, आणि इकडचे लोक दिल्याच्या तारखेपासून दहा वर्षं मोजतात. त्या हिशेबाने पासपोर्ट चार महिन्यांपूर्वीच संपला होता. ते ऐकेनात. आमचं अर्धा तास भांडण झालं, त्यांनी इंग्रजीत आणि मी जर्मनमध्ये. शेवटी ते नवीन पासपोर्टचा अर्ज करून आले आणि दरवर्षी नाताळात मला बिस्किटांचा डबा देतात. असं भांडणारं गिऱ्हाईक मला आवडतं.

लेस्टरच्या एक आजी मुलाकडे यायच्या. तीस वर्षं ओव्हरलॉकच्या शिलाई मशीनवर बसून त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. यंत्र त्यांची बोटं घेईना. रांग खोळंबली. मग एका पोलीस बाईंनी त्यांना बाजूला नेलं, क्रीम लावून हात चोळायला लावले आणि पुन्हा यंत्रावर ठेवले. आजी दुकानात येऊन म्हणाल्या, "शैला, अगं बोटं होती की माझी. कापड खाऊन गेलं." हसत म्हणाल्या, पण हात पदरात घेऊन बसल्या होत्या.

जे ब्रिटिश इथे आधीपासून राहतात, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना इथल्या सरकारने राहण्याच्या हक्काचं कार्ड दिलेलं आहे. त्यांनी सीमेवर ते कार्ड दाखवायचं. मग यंत्राने त्यांची बोटं घ्यायची नाहीत आणि दिवसही मोजायचे नाहीत, कारण ते पाहुणे नाहीत, घरी परत येत आहेत. कार्ड दाखवलं नाही तर मात्र यंत्राला ते पाहुणेच दिसतात. माणूस आपल्या घरात झोपलेला असतो आणि तिकडे त्याचे नव्वद दिवस भरत असतात.

मेश्राम सर अशा कार्डवाल्यांपैकी. मूळचे भंडाऱ्याचे, धातुशास्त्रातले संशोधक. शेफील्डला पंधरा वर्षं काढली, ब्रिटिश पासपोर्ट घेतला, मग इथल्या संस्थेत आले आणि इथेच निवृत्त झाले. पत्नी गेल्यापासून शहरातल्या लिंडेन भागात चौथ्या मजल्यावर एकटे राहतात. माझ्या दुकानात आले की "जय भीम, ताई" म्हणायचे, टोपी मांडीवर ठेवून बसायचे आणि मी सांगेन ती किंमत द्यायचे. एकदाही घासाघीस नाही. मला ते खटकायचं. मग मी स्वतःशीच घासाघीस करून त्यांची किंमत कमी करायचे.

त्यांचे मोठे भाऊ लेस्टरला. सर त्यांना दादा म्हणत. दादांनी आधी इंग्लंड गाठलं, होजिअरीच्या कारखान्यात पाळ्या केल्या आणि धाकट्याला भंडाऱ्याहून शिकायला बोलावून घेतलं. सरांची पहिली तीन वर्षं दादांच्या पगारावर गेली. दादांचं हृदय आता थकत चाललं होतं. सर दर दोन-तीन महिन्यांनी आठवडाभर त्यांच्याजवळ जाऊन राहत. ती सगळी तिकिटं माझ्याकडची.

आता माझ्या प्लास्टिकच्या कार्डांबद्दल सांगते. दुकानात लॅमिनेशनचं यंत्र आहे. नव्या गिऱ्हाइकाच्या प्रत्येक महत्त्वाच्या कागदाची मी रंगीत झेरॉक्स काढते, कोपरे गोल कापते, प्लास्टिकमध्ये बसवून देते. फुकट. "मूळ कपाटात ठेवा, हे बरोबर बाळगा," असं सांगते. हरवलेल्या मूळ कागदापायी रडणारी माणसं मी इतकी पाहिली होती की मला हे शहाणपण वाटायचं. आपल्या लोकांनाही पटायचं. रेशनकार्डापासून दहावीच्या गुणपत्रिकेपर्यंत सगळं आपण असंच सांभाळलं आहे. सरांचं राहण्याच्या हक्काचं कार्डही मी तसंच बनवून दिलं होतं. इतकं हुबेहूब, की त्यांनी कौतुक केलं होतं.

यंत्रं नवीन बसली तेव्हा, हिवाळ्याच्या तोंडाशी, सर लेस्टरहून परतले. सीमेवर त्यांनी माझं प्लास्टिक दाखवलं. पोलिसाने ते उलटसुलट पाहिलं, ही प्रत आहे म्हणाला, मूळ कुठे आहे विचारलं. मूळ लिंडेनमध्ये कपाटात. त्याने त्याच्या नियमाप्रमाणे सरांना यंत्रापुढे उभं केलं. सरांनी चार बोटं ठेवली, फोटो दिला, घरी आले. मला सांगायचं त्यांच्या मनातही आलं नाही. त्यानंतर त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि हिवाळाभर ते कुठे गेले नाहीत.

मार्चमध्ये काठी टेकत दुकानात आले. दादांची तब्येत ढासळली होती, डॉक्टर आता आठवड्यांच्या भाषेत बोलत होते. मी तिकीट बघता बघता सहज विचारलं, मागच्या वेळी सीमेवर काय झालं. त्यांनी सांगितलं. मी दिवस मोजले. नव्वद कधीच उलटून गेले होते.

"सर, यंत्राच्या लेखी तुम्ही पाहुणे आहात," मी म्हणाले, "आणि मुदत संपूनही परत न गेलेले पाहुणे."

ते हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मी त्यांना समजावलं की अशा माणसाला परत येताना अडवू शकतात, काही काळ येण्याची बंदीही घालू शकतात. मग घर इथे, औषधं इथे, निवृत्तिवेतन इथे, आणि माणूस तिकडे. त्यांचा चेहरा उतरला. "मग काय करायचं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, माझ्यावर सोडा.

ते गेल्यावर मी सीमेच्या नोंदी पाहणाऱ्या कार्यालयाला फोन लावला. तो मंगळवार होता. फोनवर फ्राऊ लिंडेमान नावाच्या बाई आल्या. शांत आवाज, अजिबात घाई नाही. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, मूळ कार्ड आहे ना त्यांच्याकडे, मुदतीत आहे ना? दोन्हीला मी हो म्हणाले.

"आल्झो," म्हणजे 'तर मग', बाई म्हणाल्या, "त्यांना ते कार्ड घेऊन जाऊ द्या. सीमेवर दाखवू द्या. चुकीची नोंद तिथेच दुरुस्त करता येते. बंदीबिंदी काही नाही."

"हे लेखी द्याल?" मी विचारलं.

बाई म्हणाल्या, लेखी देणं त्यांच्या हातात नाही, अर्ज करा, उत्तर येईल, काही आठवडे लागतील. मी ई-मेल मागितली. त्या नाही म्हणाल्या. एक ओळ मागितली. नाही. माझा आवाज चढला, पलीकडून सायकलवाल्याने पाना ठोकला. बाई शेवटपर्यंत शांत राहिल्या. "मी तुम्हाला सांगितलं आहे," एवढंच म्हणाल्या. मी त्यांचं नाव आणि वेळ वहीत लिहून घेतली आणि फोन ठेवला. मला नाशिकची ती बाई आठवत होती, तिची तान्ही मुलगी आठवत होती.

सरांना मी संध्याकाळी सांगितलं, फोन केला होता, अर्ज करायला सांगितलं आहे, करते. त्यात खोटं एकही अक्षर नव्हतं. पण 'कार्ड घेऊन जाऊ द्या' हे बाईंचं वाक्य मी सांगितलं नाही. सरांना सांगितलं तर ते उठून जातील, हे मला माहीत होतं. त्यांचा माणसांच्या शब्दावर विश्वास असतो.

अर्ज मी त्याच दिवशी पाठवला, पोस्टानेही आणि ई-मेलनेही. पोच आली. उत्तर येईना. सर रोज सकाळी फोन करायचे आणि विचारायचे, "ताई, जाऊ का?" मी रोज म्हणायचे, "सर, कागद येऊ द्या." मी त्या कार्यालयाला आणखी दोनदा फोन केला, पण फ्राऊ लिंडेमान पुन्हा मिळाल्या नाहीत. रविवारी सर दुकान बंद असताना घरी आले. तीन जिने चढून, गुडघा धरून. यांनी त्यांना खुर्ची दिली. सर म्हणाले, पुतणीचा फोन होता, दादा शुद्धीवर असले की विचारतात.

"काय विचारतात?" मी म्हणाले.

"विचारतात, बाबूचा गुडघा कसा आहे. पुतणी म्हणते, काकांना यायचंय पण कागद अडलेत. तर म्हणाले, त्याला म्हणावं घाई नको करू, पायऱ्या जपून उतर."

मी चहा केला. चहा देताना एकदा मनात आलं, सांगून टाकावं. मग मनात आलं, चार दिवसांवर आलं असेल उत्तर. मी म्हणाले, "सर, इतके दिवस थांबलात."

गुरुवारी दादा गेले.

सरांनी मला विचारलं नाही. संगणकावर स्वतःच तिकीट काढलं आणि मूळ कार्ड घेऊन गेले. बुद्धवंदना झाली, अंत्यसंस्कार झाले, आठवड्याने परत आले. विमानतळावर त्यांना घ्यायला गेलेल्या ओळखीच्या पाटलांकडून मला कळलं: पोलिसाने कार्ड पाहिलं, संगणकात पाहिलं, वरिष्ठाला बोलावलं, तीन मिनिटांत नोंद दुरुस्त केली आणि सरांची माफी मागितली. माझ्या अर्जाचं लेखी उत्तर त्यानंतर दोन आठवड्यांनी आलं. सही, शिक्का, सगळं होतं. मजकूर फ्राऊ लिंडेमान बोलल्या होत्या तोच.

त्यानंतर मेश्राम सरांनी माझ्याकडून एकही तिकीट काढलं नाही. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात भेटले. "जय भीम, ताई," म्हणाले, पूर्वीसारखंच, आणि पुढे गेले. इथल्या मराठी मंडळात मात्र कुजबुज पसरली की शैलाताईंच्या प्लास्टिकच्या कार्डामुळे सरांना भावाचं शेवटचं दर्शन झालं नाही. मी जो भेटेल त्याच्याशी भांडले. म्हणाले, कार्डामुळे फक्त नोंद चुकली, नोंद तीन मिनिटांत दुरुस्त होते, दर्शन कार्डामुळे हुकलेलं नाही. हे अगदी खरं होतं. कशामुळे हुकलं, हे मला कोणी विचारलं नाही.

राग होता तो सरांवर. एकदा दुकानात यायचं, काठी आपटायची, म्हणायचं, तुम्ही मला थांबवलंत. मी चार गोष्टी सांगितल्या असत्या. नाशिकची गोष्ट सांगितली असती. घरी मी हे रोज बोलायचे. शेवटी एक दिवस हे वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "सर भांडले असते तर तू जिंकली असतीस. म्हणून चिडली आहेस."

"अहो, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?" मी विचारलं.

"कोणाच्याच नाही. पण त्या बाई फोनवर काय म्हणाल्या, ते तू मला सांगितलंस. सरांना सांगितलंस का?"

मी भांडी घासायला घेतली.

अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा सरांची परवानगी घ्यायला मी लिंडेनला गेले. गणपती नुकतेच झाले होते. चौथा मजला मी चढले, ते आता रोज चढतात. दार त्यांनीच उघडलं. खोलीत बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली दादांचा नवीन फोटो, दोन्ही स्वच्छ पुसलेले. सरांनी चहा केला, बिस्किटं बशीत नीट लावली. मी अंकाचं सांगितलं. ते म्हणाले, जरूर लिहा, लोकांना उपयोग होईल, मूळ कार्ड जवळ ठेवा हे ठळक लिहा. मी हो म्हणाले. तेवढ्यावर उठता आलं असतं.

"सर," मी म्हणाले, "त्या कार्यालयातल्या बाईंनी मला फोनवर सांगितलं होतं. मूळ कार्ड घेऊन जाऊ द्या, काही होणार नाही, म्हणाल्या होत्या. मी लेखी मागत बसले. तुम्हाला सांगितलं नाही."

सरांनी कप खाली ठेवला.

"कधी सांगितलं होतं?"

"मंगळवारी. पहिल्याच फोनला."

"दादा गुरुवारी गेले," ते म्हणाले. "पुढच्या."

"हो."

ते खिडकीकडे पाहत होते. मग शाळेतल्या मुलाने हिशेब विचारावा तसं त्यांनी विचारलं, "म्हणजे बुधवारचं विमान मिळालं असतं?"

मार्चमध्ये विमानं भरलेली असतात, असं मी म्हणू शकले असते. त्यांनी मानलं असतं. मी सांगते ते त्यांनी नेहमीच मानलं आहे.

"मिळालं असतं," मी म्हणाले. "दोन जागा होत्या. फोन ठेवल्यावर मी पाहिलं होतं."

सरांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. मी वाट पाहिली की आता तरी ते आवाज चढवतील. मग म्हणाले, "लिहा तुम्ही. मंगळवार होता, तेही लिहा."